‘क्रिप कॅम्प’ : निर्णयाच्या सवयीतून घडलेले नेतृत्व

प्रास्ताविक

अपंग व्यक्तींविषयीच्या मराठी लेखनावर ‘जिद्द’ आणि ‘प्रेरणा’ या दोन शब्दांचा प्रभाव दीर्घकाळ राहिलेला आहे. पहिला शब्द अपंग व्यक्तीच्या वाट्याला येतो, तर दुसरा तिच्याकडे पाहणाऱ्याच्या. या मांडणीत अपंग माणूस बहुधा एकटा असतो; त्याच्याभोवती समूह असलाच तर तो कौतुक करणाऱ्यांचा असतो. परिणामी अपंग व्यक्ती आपली बाजू स्वतः मांडू लागतात आणि पुढे इतरांचेही नेतृत्व करतात, ही प्रक्रिया प्रत्यक्षात कशी घडते हा प्रश्न उपस्थितच होत नाही. जिद्द हे त्याचे तयार उत्तर असते आणि त्या उत्तरावर चर्चा थांबते.

निकोल न्यूनहॅम आणि जेम्स लेब्रेक्ट यांनी दिग्दर्शित केलेला ‘क्रिप कॅम्प’ हा २०२० चा अमेरिकन माहितीपट या तयार उत्तरापलीकडे जातो, म्हणून त्याचा विचार मराठी अभ्यासकांनी करणे अगत्याचे आहे. सनडान्स महोत्सवात प्रेक्षक-पुरस्कार, नेटफ्लिक्सवरील प्रसारण आणि २०२१ मध्ये ऑस्करसाठी नामांकन हा त्याचा बाह्य इतिहास सर्वश्रुत आहे. बराक आणि मिशेल ओबामा यांच्या निर्मितीसंस्थेचे नाव त्याच्याशी जोडलेले असल्याने त्याची चर्चाही पुष्कळ झाली. ही चर्चा बहुतांशी चित्रपटाच्या उत्तरार्धाभोवती, म्हणजे १९७७ मधील आंदोलनाच्या विजयाभोवती फिरली. चित्रपटाचे खरे मोल मात्र पूर्वार्धात आहे, आणि त्या पूर्वार्धाने जो निकष हाती दिला आहे, त्याच निकषावर उत्तरार्ध काही ठिकाणी उणा ठरतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

शिबिरातील लोकशाही

न्यूयॉर्क राज्यातील कॅट्सकिल डोंगराळ भागात ‘कॅम्प जेनेड’ हे अपंग मुलामुलींचे उन्हाळी शिबिर १९५१ मध्ये सुरू झाले आणि १९७७ मध्ये बंद पडले. १९७१ च्या उन्हाळ्यात ‘पीपल्स व्हिडिओ थिएटर’ या गटाने तेथे केलेले कृष्णधवल चित्रीकरण हा या चित्रपटाचा कणा आहे. त्या वर्षी पंधरा वर्षांचा असलेला एक शिबिरार्थी म्हणजे जेम्स लेब्रेक्ट. पाठीच्या कण्याच्या जन्मजात दोषामुळे चाकाची खुर्ची वापरणारा हा मुलगा पुढे ध्वनिसंयोजक झाला आणि सुमारे पन्नास वर्षांनी या चित्रपटाचा सहदिग्दर्शक. शिबिरार्थी असलेल्या दिग्दर्शकाने शिबिराची गोष्ट सांगावी, ही बाब केवळ योगायोगाची नाही. चित्रपटातील दृष्टी कोठेही पाहुण्याची वाटत नाही, याचे कारण तिच्यात आहे. अपंगत्वाविषयीच्या असंख्य माहितीपटांत कॅमेरा कीव घेऊन येतो आणि अश्रू घेऊन परत जातो. येथे ज्यांच्याविषयी बोलायचे त्यांच्याच हाती सांगण्याची सूत्रे आहेत.

शिबिराचे वर्णन चित्रपट पावित्र्याच्या सुरात करीत नाही. तेथे गिटार आहे, सिगारेट आहे, प्रेमप्रकरणे आहेत आणि शिबिरभर पसरलेल्या उवांच्या साथीवर झालेला हशाही आहे. अपंग किशोरवयीनांना देह आणि इच्छा असतात एवढी साधी गोष्ट पडद्यावर क्वचितच मान्य केली जाते. याच संदर्भात डेनिस जेकबसन यांनी सांगितलेला अनुभव लक्षात राहतो. पोटदुखीसाठी रुग्णालयात गेलेल्या या तरुणीचे निरोगी आंत्रपुच्छ शस्त्रक्रियेने काढण्यात आले. प्रत्यक्षात तिला लैंगिक संसर्ग झालेला होता. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीचा शरीरसंबंध आला असेल ही शक्यता शल्यचिकित्सकाच्या मनाला शिवलीच नव्हती. पुढे त्यांनी मानवी लैंगिकता हाच आपल्या उच्च शिक्षणाचा विषय केला. अन्यायाच्या अनुभवाचे रूपांतर ज्ञानात आणि ज्ञानाचे अधिकारात कसे होते याचे हे उत्तम उदाहरण होय. चित्रपट मात्र ते हसतखेळत सांगून पुढे जातो.

पूर्वार्धातील दोन प्रसंगांवर अधिक थांबणे आवश्यक आहे. पहिला प्रसंग स्वयंपाकाचा. जेवणाला काय करायचे यावर शिबिरार्थींची सभा भरली आहे आणि ती चालवीत आहे तेवीस वर्षांची ज्युडिथ ह्यूमन. लझान्या करावा की अन्य काही, इतकाच विषय. परंतु ती प्रत्येकाला विचारते, विरोधी मत नोंदवते, कोणाचे राहिले का हे पाहते. पुढे सरकारशी वाटाघाटी करणारी स्त्री येथे जेवणाच्या बेतावर मतदान घेताना दिसते. शिबिरात आलेल्या बहुतेक मुलांना घरी आज काय जेवायचे, कोणते कपडे घालायचे, केव्हा झोपायचे हे कोणी विचारलेले नसते. प्रेमापोटीच विचारलेले नसते. निर्णय घेण्याची सवय ही बोलण्याच्या सवयीसारखीच आहे, वापरली नाही तर ती जडत नाही. नेतृत्वविकासाच्या नावाने भरणाऱ्या कार्यशाळांत वक्तृत्व शिकवले जाते, निवेदन लिहिण्याची पद्धत सांगितली जाते. जेवणाचा बेत मात्र आयोजकांनी आधीच ठरवलेला असतो.

दुसरा प्रसंग याहून महत्त्वाचा. एका टेबलाभोवती मुले आपल्या आईवडिलांविषयी बोलत आहेत. अतिकाळजी, राग, अपराधभाव असे सर्व काही त्या चर्चेत येते. मग नॅन्सी नावाची मुलगी बोलू लागते. तिचे उच्चार इतके अस्पष्ट आहेत की प्रेक्षकाला जवळजवळ काहीच कळत नाही. तरीही कोणी तिचे वाक्य तोडत नाही किंवा नजर वळवत नाही. सगळे थांबतात. तिचे बोलणे संपल्यावर दुसरा एक शिबिरार्थी आपल्याला जे समजले ते मांडतो: ती खासगीपणाविषयी, एकटे राहता येण्याच्या हक्काविषयी बोलत असावी. ज्या मुलीला अंघोळीपासून जेवणापर्यंत प्रत्येक बाबतीत दुसऱ्याचा हात लागतो, ती एकांत मागते आहे, ही त्या टेबलावरील सर्वांत प्रगल्भ मागणी ठरते. संकलकाने हा प्रसंग छाटला नाही याबद्दल त्याचे ऋण मानले पाहिजे. बोलणाऱ्याइतकेच थांबणारेही येथे काही शिकत आहेत. आपली बाजू मांडण्याची क्षमता व्यक्तीच्या ठायी असते असे सामान्यतः समजले जाते. या प्रसंगात ती टेबलाभोवती बसलेल्या सर्वांमध्ये वाटलेली आहे.

शिबिराचे संचालक लॅरी ॲलिसन यांनी या अनुभवाचा अर्थ स्वच्छपणे सांगितला आहे. दोष अपंग मुलांत नव्हता, तो बाहेरच्या सुदृढ जगात होता, हे त्या उन्हाळ्यांत आपल्याला उमगले, अशा आशयाचे त्यांचे निवेदन चित्रपटात येते. अपंगत्वाच्या अभ्यासात पुढे ‘सामाजिक प्रतिमान’ म्हणून जे प्रतिष्ठित झाले, ते या मुलांनी सिद्धान्ताआधी जगून पाहिले होते.

शीर्षकाचा प्रश्न

‘क्रिप’ हा ‘पांगळा’ या अर्थाच्या शिवीवजा इंग्रजी शब्दाचा संक्षेप. ज्यांना तो चिकटवला गेला त्यांनीच तो उचलून स्वतःचे नाव केले. मराठी वाचकाला ही प्रक्रिया परकी वाटण्याचे कारण नाही. ‘दलित’ या शब्दाचा विसाव्या शतकातील प्रवास त्याच्यासमोर आहे. याउलट अपंगांसाठी मराठीत आलेल्या नावांचा इतिहास पाहिला तर ती बहुधा वरून आलेली दिसतात. ‘दिव्यांग’ या शब्दाचा पुरस्कार पंतप्रधानांनी २०१५ च्या डिसेंबरमध्ये केला, तो शासनव्यवहारात रूढ झाला आणि महाराष्ट्रात स्वतंत्र विभागाच्या नावातही आला. अपंग हक्कांसाठी काम करणाऱ्या अनेकांनी त्यास आक्षेप घेतला, कारण दिव्यत्व बहाल केले की हक्काचा विषय मागे पडतो. शब्द गोड आहे की कडू हा यातील मुख्य मुद्दा नव्हे. तो कोणी निवडला, हा आहे. (प्रस्तुत लेखात ‘अपंग’ हा शब्द वापरला आहे तो चळवळीतील दीर्घ वापरामुळे.)

इंग्रजीतील ‘सेल्फ-ॲडव्होकेट’ या संज्ञेलाही मराठीत सोपा प्रतिशब्द नाही. ‘स्वतःची बाजू स्वतः मांडणारा’ असा विस्तार करावा लागतो. मराठीत रुळलेला शब्द ‘वाली’ हा आहे. ‘त्याला कोणी वाली नाही’ असे आपण सहज म्हणतो. म्हणजे दुबळ्याला दुसरा कोणीतरी हवा, हे भाषेनेच गृहीत धरलेले आहे.

१९७७ चा ठिय्या

शिबिरातील मंडळी पुढे काय करतात, ही उत्तरार्धाची कथा. पोलिओमुळे अपंगत्व आलेल्या ज्युडिथ ह्यूमन यांना लहानपणी आगीच्या वेळी धोका ठरेल या सबबीवर शाळेत प्रवेश नाकारला गेला होता. शिक्षिकेचा परवाना नाकारला गेला तेव्हा १९७० मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाविरुद्ध दावा लावला. त्याच वर्षी ‘डिसेबल्ड इन ॲक्शन’ ही संघटना उभी राहिली. पुढे त्या कॅलिफोर्नियातील बर्कले येथे गेल्या. तेथे १९७२ मध्ये स्थापन झालेले ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ हे अपंगांनी स्वतः चालवलेले केंद्र होते आणि जेनेडमधील अनेकजण त्याच्या परिघात येऊन राहिले. शिबिर उन्हाळ्यापुरते होते; बर्कलेने त्याला बारमाही पत्ता दिला.

१९७३ च्या पुनर्वसन कायद्यातील कलम ५०४ हे जेमतेम एका वाक्याचे. संघराज्याचा निधी घेणाऱ्या कोणत्याही कार्यक्रमात अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव करता येणार नाही, एवढेच ते सांगते. त्याची नियमावली मात्र चार वर्षे रखडली. शाळा, रुग्णालये, विद्यापीठे यांना होणाऱ्या खर्चाची धास्ती हे त्यामागचे कारण. कार्टर प्रशासनातील मंत्री जोसेफ कॅलिफानो यांनीही सही लांबवली, तेव्हा ५ एप्रिल १९७७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतील संघीय इमारतीत शंभराहून अधिक आंदोलक शिरले आणि तेथेच राहिले. २८ एप्रिलला सही झाली. ३० एप्रिलला ते बाहेर पडले. औषधे, मूत्रनलिका, रात्री कूस बदलून देणारा मदतनीस यांवाचून ज्यांचे एक दिवसही भागत नाही अशा माणसांनी कार्यालयाच्या फरशीवर काढलेले हे पंचवीस दिवस होते. दूरध्वनी तोडले गेले तेव्हा कर्णबधिर आंदोलकांनी खिडकीतून खुणांच्या भाषेत बाहेर निरोप पाठवले. सत्तेने ज्याला उणीव म्हटले तेच येथे साधन झाले.

ठिय्याच्या चित्रणात ब्लॅक पँथर पार्टीचा भाग मराठी प्रेक्षकाने विशेष पाहावा असा आहे. मुंबईत १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव ज्यांच्याकडून घेतले, तीच ही संघटना. पँथरचे कार्यकर्ते रोज गरम जेवण घेऊन येत. अडवणूक झाली तरी ते मागे हटले नाहीत. या सहकार्यामागे ब्रॅड लोमॅक्स हे पँथर कार्यकर्ते होते. त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस होता आणि ते स्वतः ठिय्यात बसलेले होते; त्यांचे मदतनीस चक जॅक्सन इतर आंदोलकांचीही शुश्रूषा करीत. पूर्व ओकलंडच्या कृष्णवर्णीय वस्तीत अपंगांसाठी केंद्र उभारण्यातही लोमॅक्स यांचा पुढाकार होता. ते १९८४ मध्ये निवर्तले. चित्रपटात त्यांचे दर्शन छायाचित्रांतून आणि इतरांच्या आठवणींतून होते. दिवंगत व्यक्तीची मुलाखत घेता येत नाही हे खरे. तरीही दोन चळवळींना जोडणाऱ्या या माणसाला मिळालेला अवधी अपुराच वाटतो. पँथर मदतीला आले, असे चित्रपट पाहून वाटते. त्यांच्यातील एकजण आधीपासून आतच होता, हे ठसत नाही.

१५ एप्रिलला इमारतीतच भरलेल्या सुनावणीत सरकारी प्रतिनिधी नियमावलीतील प्रस्तावित बदलांचे समर्थन करून सभेतून उठून गेले, खासदार फिलिप बर्टन त्यांच्यामागे धावले, आणि ह्यूमन यांनी भरल्या गळ्याने सरकारला सुनावले. हा प्रसंग चित्रपटाचा उत्कर्षबिंदू आहे. तो प्रभावी आहे यात वाद नाही. परंतु ठिय्या तगला तो या भाषणावर नव्हे. ह्यूमन यांच्या ‘बीइंग ह्यूमन’ या २०२० च्या आत्मचरित्रात रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या सभांचे वर्णन आहे. सर्वांचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय पुढे न जाण्याचा आग्रह त्यात दिसतो. जेवणाच्या बेतावरील सभा आणि या सभा यांतील नाते चित्रपटाने अधिक स्पष्ट करावयास हवे होते. कॅमेऱ्याला भाषण आवडते; कंटाळवाणी सभा आवडत नाही.

चित्रपटाने सोडलेला धागा

चित्रपटाच्या मध्यावर विलोब्रूक येते. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील बौद्धिक अपंगांच्या या सरकारी संस्थेचे भीषण वास्तव जेराल्डो रिव्हेरा या पत्रकाराने १९७२ मध्ये दूरचित्रवाणीवर आणले. अंधाऱ्या दालनात उघडीवाघडी, कण्हणारी मुले दिसतात, पाहणारा हादरतो. शिबिर नसते तर काय असते, हे दाखवण्यासाठी ही दृश्ये योजलेली आहेत आणि तेवढ्यापुरती ती परिणामकारक आहेत. परंतु विलोब्रूकमधील माणसे येथे प्रामुख्याने पाहिली जातात, ऐकली जात नाहीत. नॅन्सीसाठी थांबलेला चित्रपट त्यांच्यासाठी थांबत नाही.

हा आक्षेप इतिहासाच्या आधारे घेता येतो. रिव्हेराच्या त्याच कार्यक्रमात बर्नार्ड काराबेलो हा तरुण बोलला होता. सेरेब्रल पाल्सी असलेल्या या मुलाला मतिमंद ठरवून वयाच्या तिसऱ्या वर्षी विलोब्रूकमध्ये ठेवले गेले आणि अठरा वर्षे तो तेथे होता. पुढे न्यूयॉर्क राज्यातील ‘सेल्फ-ॲडव्होकसी असोसिएशन’च्या संस्थापकांत त्याचे नाव आले. म्हणजे नेतृत्व जेनेडच्या हिरवळीवरच उगवत होते असे नव्हे. विलोब्रूकच्या दालनातूनही ते बाहेर पडले. हा धागा चित्रपट पुढे नेत नाही.

वस्तुतः ‘सेल्फ-ॲडव्होकसी’ ही संज्ञा मुख्यतः रुळली ती बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींच्या चळवळीत. स्वीडनमध्ये बेंग्ट निर्ये यांच्या प्रयत्नांतून १९६० च्या दशकात अशा तरुणांची मंडळे स्थापन झाली, सभा कशी चालवावी, ठराव कसा मांडावा याचा सराव त्यांत होई. अमेरिकेत ऑरेगॉन राज्यातील सेलम येथे १९७४ मध्ये ‘पीपल फर्स्ट’ उदयास आली. आम्ही आधी माणसे आहोत, हे तिच्या नावातच आहे. बोलण्यात चतुर, कायदा वाचू शकणारे, पत्रकारांना सामोरे जाणारे नेते चित्रपटाला मिळाले आणि ते त्याला पुरले. ज्यांना आकलनासाठीच आधार लागतो त्यांचे नेतृत्व कसे असते, हा अधिक अवघड प्रश्न त्यामुळे बाजूला राहिला. विशेष म्हणजे त्याचे उत्तर नॅन्सीच्या टेबलावर चित्रपटाने स्वतःच दाखवलेले होते.

मराठी संदर्भ

हा प्रश्न आपल्याकडे केवळ सैद्धान्तिक नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व व बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी पालक नेमता येतो. २००७ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार स्वीकारला. त्यानंतर आलेल्या २०१६ च्या कायद्याचे कलम १४ ‘मर्यादित पालकत्वा’ची कल्पना मांडते, ज्यात पालकाने त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून संयुक्तपणे निर्णय घ्यावयाचा असतो. दोन्ही कायदे एकाच वेळी लागू आहेत. एकात दुसऱ्याच्या वतीने ठरवायचे आहे, दुसऱ्यात त्याच्यासह. विचारविनिमय करायचा तर ज्याचे उच्चार कळत नाहीत, ज्याला उत्तर द्यायला वेळ लागतो, त्याच्यापुढे कोणीतरी थांबून बसावे लागते. ते शिकवणारी जागा पदवी महाविद्यालयात कोठे आहे? नॅकच्या मूल्यांकनात अडथळामुक्त परिसराची माहिती मागितली जाऊ लागल्यापासून उतरंडीची छायाचित्रे अहवालात आली, हे चांगलेच झाले. परंतु उतरंड कोठे असावी हे त्या वापरणाऱ्या विद्यार्थ्याला विचारले होते काय, हा रकाना त्या प्रपत्रात नसतो.

मराठी साहित्यात या दृष्टीने वाचावा असा ग्रंथ म्हणजे नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन. तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखालचे शरीर निकामी झालेल्या या मुलीने पुढे कोल्हापुरात १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभारली. जिद्दीची कहाणी म्हणून हे पुस्तक सहज वाचता येते. ‘क्रिप कॅम्प’ पाहिल्यानंतर मात्र लक्ष वेगळ्या ठिकाणी जाते. खचलेल्या नसीमांना उभारी मिळाली ती बाबूकाका दिवाण यांच्या भेटीतून. आणि बाबूकाका हे स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून व्यवसाय सांभाळणारे गृहस्थ होते. चाकाच्या खुर्चीतील एका माणसाने दुसऱ्या माणसाशी बरोबरीने केलेले ते संभाषण होते. बर्कलेच्या केंद्रात समदुःखी सल्लागाराची जी कार्यपद्धती रूढ झाली, तिचे हे घरगुती रूप म्हणता येईल. या आत्मकथनातील संस्थाजीवनाचे भाग, म्हणजे तेथील मुलामुलींना काय विचारले जाते, कोण ठरवते, वाद कसे मिटतात हे सर्व, या अंगाने वाचण्याचे काम मराठी समीक्षेपुढे आहे.